वरच्या घरातला वकील

त्या शनिवारी क्लिफर्ड क्रॅबट्रींनी नेहमीसारखा चहा जरा जास्तच कडक केला होता, आणि हेस्टरनं नेहमीसारखं त्यावर काही म्हटलं नव्हतं. बाप जन्मभर सुतारकाम केलेला, लेक शाळेच्या ग्रंथालयात. दोघांनाही मोजकं बोलायची सवय. टेबलावर घर विकणाऱ्या एजंटानं दिलेला कागद होता. त्याच्या ओळखीचे वकील दोनशे मैलांवरच्या कचेरीत बसून हेस्टरच्या नव्या घराची कागदपत्रं स्वस्तात करून देणार होते.

क्लिफर्डनी कागद बाजूला सारला.

"घर मी ठोकून बघितलंय. आता वकील ठोकून बघ, पोरी. तो आधी काय विचारतो ते ऐक. किंमत विचारली, तर फोन ठेव. घराबद्दल विचारलं, तर बोल."

"बरं," हेस्टर म्हणाली. तिनं कप विसळले, कोट चढवला. दारात त्यांनी तिच्या कॉलरवरचा एक धागा उचलला. ती "येते" म्हणून निघाली.

रविवारी सकाळी ते कांद्यांच्या वाफ्यात पडलेले सापडले. हृदय थांबलं होतं.

घराचा विचार आता सोड, असं मावशीनं समजावलं. पण दोघांनी मिळून पसंत केलेली ती शेवटची गोष्ट होती. ते घर हातचं गेलं असतं, तर हेस्टरला वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं. पाच आठवड्यांनी तिनं वकिलांना फोन लावायला घेतले. पहिल्या ठिकाणी यंत्रानं तिला एक क्रमांक दिला आणि तो विसरू नका म्हणून बजावलं. दुसऱ्यानं किंमत विचारली. तिनं फोन ठेवला.

तिसरा भेटला तो बाजाराच्या गुरुवारी. पाऊस तिरपा येत होता, म्हणून ती एका दाराच्या आडोशाला शिरली. तिथं एक उंच माणूस काखेत लीकची, म्हणजे लांब दांड्याच्या कांद्यांची जुडी धरून कुलपाशी झटत होता.

"उभ्या राहा खुशाल," तो म्हणाला. "वकिलाच्या दारात उभं राहायला पैसे पडत नाहीत. आत आलं, की पडतात."

त्याच्या चष्म्यावर थेंब होते. दारावर नाव होतं – टोबी हेलिवेल. ती आत गेली. घर घेतेय, एवढंच तिनं सांगितलं. त्यानं कांदे खुर्चीवर ठेवले आणि विचारलं, "दार कुठल्या रस्त्यावर उघडतं? खालच्या, की वरच्या?"

घराबद्दल विचारलं, तर बोल, असं वडील म्हणाले होते. तिनं पत्ता सांगितला. हातातल्या पेनाला त्यानं हळूच टोपण लावलं.

"मग मला तुमचं काम घेता येणार नाही."

"का?"

"कारण मी... तुमच्या छतावर झोपतो."

या खोऱ्यात जागा कमी आणि उतार फार, म्हणून जुन्या लोकांनी घरावर घर रचलं. खालच्याचं दार खालच्या रस्त्यावर, वरच्याचं टेकडीमागच्या वरच्या रस्त्यावर. मालक दोन, भिंती त्याच. हेस्टर घेत होती ते खालचं, आणि वरचं टोबीचं. वरच्या घराचा मालक आणि खालच्याचा वकील एकच माणूस कसा होणार, असं तो म्हणाला आणि चौकापलीकडच्या मिसेस बॅरक्लफचं नाव त्यानं लिहून दिलं.

"त्या चांगल्या आहेत?"

"मला फार छळतील," तो म्हणाला. "तुमच्यासाठी तेच चांगलं."

असा सल्ला तिला आजवर कुणी दिला नव्हता. भरपावसात ती चौक ओलांडून गेली.

साठी उलटलेल्या मिसेस बॅरक्लफ गुडघाभर बूट घालून स्वतः घर बघायला आल्या. आठ दिवसांत त्यांना नेमकं वर्म सापडलं. खालच्यानं वरच्या घराला आधार द्यायचा आणि वरच्यानं छप्पर सांभाळून खालच्याला आसरा द्यायचा, असा लेखी करारच या दोन घरांत कधी झाला नव्हता. शंभर वर्षं शेजारधर्मावर भागलं होतं. पण बँकेला शेजारधर्म कळत नव्हता. टोबीच्या सहीशिवाय कर्ज नाही, कर्जाशिवाय घर नाही. त्यात आणखी एक गिऱ्हाईक आलं होतं. शुक्रवारपर्यंत सह्या केलेल्या खरेदीकरारांची अदलाबदल झाली नाही, तर घर त्याला जाणार होतं.

त्या दिवसांत टोबी तिला कालव्याकाठी भेटायचा. पहिल्यांदा योगायोगानं, मग... तितकासा योगायोगानं नाही. घराचा विषय काढायचा नाही, ही त्याचीच अट. मिसेस बॅरक्लफच्या पाठीमागे त्यांच्या अशिलाशी बोलणं बरं नव्हे, म्हणायचा.

"हवेबद्दल तरी बोलायचं का?" तिनं एकदा विचारलं.

"पाऊस माझ्या छपरावर पडतो. तोही विषय त्यातच येतो."

"मग उरलं काय?"

"तुम्ही," तो म्हणाला आणि पाण्यातल्या बदकांकडे पाहत राहिला. कान मात्र लाल झाले होते.

ती त्याला वडिलांबद्दल सांगू लागली. तो ऐकायचा, मध्ये बोलायचा नाही. कधी तुम्हीचं तू झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

गुरुवार उजाडला, तरी टोबीची सही आली नव्हती. मिसेस बॅरक्लफनी तिला बोलावून मसुदा पुढे ठेवला. छपराचा खर्च निम्मा निम्मा, असं त्यांनी लिहिलं होतं. टोबीनं ते खोडून सगळा खर्च स्वतःच्या माथी घेतला होता.

"चाळीस वर्षांत असा समोरचा पक्ष पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "तुझी वकील म्हणून सांगते, मुकाट्यानं सही कर. बाई म्हणून विचारशील, तर... तो वकील कच्चा नाही. म्हणजे दुसरंच काहीतरी आहे."

हेस्टरनं मसुदा उचलला आणि ती टेकडीच्या पायऱ्या चढू लागली. वरच्या रस्त्यावरून त्याच्या दाराशी ती प्रथमच येत होती. पोचली तेव्हा धाप लागली होती.

"हे मला नको," ती म्हणाली. "निम्मं माझं."

"कौलं जुनी आहेत, हेस्टर. तुझ्यावर ओझं नको, म्हणून..."

"वडिलांची काळजी करायचं एक ओझं आत्ताच उतरलंय माझ्या डोक्यावरचं, आणि त्यानं मी काही हलकी झालेली नाही. निम्मं लिही."

त्यानं खिशातून पेन काढलं. मग दाराच्या चौकटीला कागद टेकवून त्यानं खोडलेली ओळ पुन्हा लिहिली आणि खाली सही केली.

"आता मला विषय काढता येईल का?" त्यानं विचारलं. "घराचा नाही..."

"थांब," हेस्टर म्हणाली. "आधी मी." शब्द ओठांवर आला आणि अडला. तिच्या घरी तो कधी कुणी उच्चारलाच नव्हता. "एका माणसाला हे सांगायचं राहून गेलं, टोबी. दारात उभी होते, आणि नुसतं 'येते' म्हणाले. आता नाही राहू द्यायचं. माझा तुझ्यावर जीव आहे."