ऑरेस्टची दुपारची झोप

ही घटना माझ्या मावशीच्या बाबतीत घडली. मानायची तर माना, नाहीतर सोडून द्या. मी तिची बोटं पाहिली आहेत, त्यामुळे मला तरी सोडून देता येत नाही.

जागा सस्कॅचेवान प्रांतातली. कॅनोरा गावाबाहेर मावशीचं शेत आहे, तिथली. दिवस सहा जानेवारी, आमच्या ख्रिसमसच्या आधीचा; आम्ही जुन्या कॅलेंडरप्रमाणे सात जानेवारीला ख्रिसमस करतो.

आणि रात्र नव्हती हं. लख्ख दुपार होती.

आधी थोडं मागचं सांगते.

ऑड्री मावशीचा नवरा ऑरेस्ट त्याआधीच्या ऑगस्टमध्ये गेला. दोघं कॅम्पर घेऊन तळ्याकाठी गेले होते. पिकअपला जोडून न्यायचं ते चाकांवरचं छोटं घर म्हणजे ऑरेस्टचा जीव की प्राण. जेवण झालं की तो आत जाऊन आडवा व्हायचा. झोपेत त्याचा श्वास अडायचा, म्हणून नाकातोंडावर मास्क आणि उशाशी एक यंत्र. यंत्र नळीतून हवा ढकलायचं. त्याच्या श्वासाबरोबर यंत्राचा आवाज चढायचा, उतरायचा.

त्या दुपारी मावशी बाहेर खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसली होती. आतून यंत्राचा आवाज येत होता, म्हणून निर्धास्त होती.

तो आवाज चढत-उतरत नव्हता... सलग येत होता.

हे तिच्या लक्षात आलं तोवर ऑरेस्टचे हात गार पडले होते. यंत्र मात्र त्याच्या छातीत हवा ढकलतच होतं.

ऑक्टोबरमध्ये ऑरेस्टचा धाकटा भाऊ वॉल्टर कॅम्पर हिवाळ्यासाठी बंद करायला आला. नळातलं पाणी काढलं, बॅटऱ्या काढल्या, टीव्ही उचलून घरात आणला.

"हे यंत्रही काढू ना?" त्यानं विचारलं. "थंडीत असल्या वस्तूंची वाट लागते."

"राहू दे."

"अगं, वाया जाईल. कुणाच्या तरी कामी येईल."

"मास्कला त्याच्या दाढीचे केस आहेत अजून. मला ते घरात नको आणि लोकांच्या तोंडावरही नको. राहू दे म्हटलं ना, वॉल्टर!"

वॉल्टरनं गुपचूप कुलूप लावलं. कोठाराच्या मागे कॅम्पर उभा राहिला. मग बर्फ पडायला लागलं.

सहा जानेवारीला मावशीला मोठं पातेलं सापडेना. कोबीचे रोल शिजवायचे होते. पातेलं कॅम्परमध्ये राहिलंय, हे आठवलं तशी ती कोट चढवून निघाली.

बाहेर उणे चौतीस. ऊन पडलेलं, वारा अजिबात नाही.

कॅम्परभोवतीचं बर्फ कोरं होतं. माणसाचं सोडा, सशाचंही पाऊल उमटलेलं नव्हतं.

तिनं कुलपात किल्ली घातली.

आणि तिला ऐकू आलं...

हुश्श... हुश्श...

यंत्राचा आवाज.

चढत होता. उतरत होता.

मावशीचा हात किल्लीवरच राहिला. कॅम्परला बॅटरी नव्हती. विजेची तार नव्हती. तिनं कानटोपी वर करून पुन्हा ऐकलं. तसाच संथ आवाज. पोटभर जेवून झोपलेल्या माणसाचा.

मग तिची नजर खिडक्यांकडे गेली. सगळ्या काचा स्वच्छ होत्या. फक्त पलंगाजवळची काच पांढरी झाली होती.

बर्फ बाहेरून नव्हतं... आतून धरलं होतं.

बंद गाडीत कुणी बराच वेळ बसून राहिलं की त्याची वाफ काचेवर गोठते ना, अगदी तसं.

मावशी पातेलं न घेताच परतली. तिनं वॉल्टरला फोन केला. तो अंधार पडायच्या आत आला आणि आल्या आल्या सुरू झाला.

"स्वयंपाक टाळायला बरं निमित्त शोधलंस. वारा असेल गं."

"वारा कुठे आहे? चिमणीचा धूर बघ, काठीसारखा उभा जातोय."

वॉल्टरनं धुराकडे पाहिलं आणि कोठाराकडे चालू लागला.

दोघांनी मिळून दार उघडलं. आत काहीच आवाज नव्हता. पलंगावर ऑरेस्टची गोधडी नीट पसरलेली. उशाशी यंत्र. त्याची वायर नुसती लोंबत होती.

"बघ," वॉल्टर म्हणाला. "उगाच घाबरवलंस मला."

बोलता बोलता त्यानं मास्क उचलला... आणि टाकून दिला.

"काय झालं?"

"ओला आहे."

"काय?"

"ओला आहे, ऑड्री. कोमट ओला. इथं थुंकी पडायच्या आत गोठते... चल बाहेर. आत्ता."

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी जेवताना गेलेल्या माणसाचं ताट आम्ही मांडतोच. मावशीनं ऑरेस्टचं ताट मांडलं. वॉल्टर मान खाली घालून जेवला. त्या ताटाकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मावशीला रात्रभर एकच वाटत राहिलं. भीती नाही. तो तिथे गारठतोय, हे.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर ती एकटी गेली आणि यंत्र कोटाखाली धरून घरात घेऊन आली. स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवलं आणि लगेच वायर लावली. घरात ऊब आहे, असेल तर इथे येऊ दे, एवढाच तिचा विचार.

खट् असा आवाज झाला. जळका वास आला. यंत्राचा दिवा लागलाच नाही.

वॉल्टर जेवायला आला तेव्हा तिनं त्याच्यापुढे यंत्र ठेवलं. त्यानं ते उपडं केलं, तर आतून पाणी ठिबकलं.

"एवढं गारठलेलं यंत्र उबेत आणलं की आतून घाम फुटतो त्याला. पिशवीत बांधून दिवसभर ठेवायचं, मग चालू करायचं. तू थेट वीज दिलीस?"

"मला कुठे माहीत होतं?"

"मेलं मग ते."

जेवण झालं. ताटं आवरून ती उष्टं टाकायला मागच्या दारी गेली.

कोठाराच्या मागून आवाज आला...

या वेळी यंत्राचा नव्हता.

घोरण्याचा होता.

घुर्र... घुर्र... घुर्र...

आणि मग काहीच नाही.

मावशी तशीच उभी राहिली. शांतता लांबत गेली.

मग एकदम... बुडणारा माणूस पाण्यावर येऊन हवा ओढतो, तसा आवाज.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. यंत्र मिळायच्या आधी कित्येक वर्षं ती अंथरुणात जागी राहून हेच ऐकायची. श्वास अडला की ऑरेस्टचा खांदा धरून हलवायची, की तो हवा ओढायचा. यंत्र आलं आणि तेव्हा कुठे तिला झोप लागायला लागली.

ते यंत्र आता तिनं मारलं होतं.

ती चपलांवरच बर्फातून धावली. कॅम्पर उघडला. पलंग रिकामा होता.

आवाज त्या रिकाम्या पलंगावरूनच येत होता.

घुर्र... घुर्र... आणि थांबला.

मावशीनं वाट पाहिली. आवाज येईना. मग, काय करतोय हे कळायच्या आत, तिनं गोधडीवर खांद्याच्या जागी हात ठेवला आणि जोरात हलवलं.

"ऑरेस्ट! अहो!"

...त्यानं श्वास घेतला.

त्यानंतर मावशी रोज दुपारी जायला लागली. कोट घालून, हातमोजे काढून. हातमोज्यातून कळत नाही म्हणायची. श्वास अडला की हलवायची. उजेड संपेपर्यंत.

वॉल्टरनं काय नाही केलं? ओळखीतल्या एकाचं दुसरं यंत्र आणलं, जनरेटर लावला, मास्क उशीवर ठेवला. नव्या यंत्राचा आवाज आला.

सलग.

त्याच्या पलीकडे घोरणं आणि अडणं चालूच राहिलं.

"अगं, तो गेलाय," वॉल्टर तिला म्हणाला. "आपण त्याला पुरलंय, ऑड्री."

"मग हा कोण गुदमरतोय?"



फेब्रुवारीच्या थंडीत वॉल्टरनं तिला शुद्ध हरपलेल्या अवस्थेत कॅम्परमधून उचलून आणलं. उजव्या हाताची बोटं काळी पडली होती. डॉक्टरांना तीन काढावी लागली. हॉस्पिटलमधून आई तिला आमच्याकडे यॉर्कटनला घेऊन आली.

इथे ती जेवायची, औषध घ्यायची. पण दुपार झाली की उठून बसायची. त्या बांधलेल्या हातानं पांघरूण हलवत राहायची.

"त्याला कुणी हलवतंय का गं?" मला विचारायची.

मार्चमध्ये वॉल्टर तिला भेटायला आला. तिनं त्यालाही हेच विचारलं. वॉल्टर खुर्ची ओढून जवळ बसला.

"आता शांत आहे सगळं," तो म्हणाला. "मी जाऊन ऐकलं. काहीच आवाज नाही. सुटला तो."

मला वाटलं, आता हिचा जीव थोडा हलका होईल.

मावशीनं मान त्याच्याकडे वळवली.

"थांबला?"

"हो."

"मी नव्हते म्हणून," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा गेला... आणि या वेळीही मी बाहेरच."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती पुन्हा आमच्याशी बोलली नाही. जेवण भरवलं तर खायची, नाहीतर तशीच पडून राहायची. एप्रिल संपता संपता गेली.

मार्चमध्ये वॉल्टर भेटून निघाला, त्या दिवशी त्याला दारापर्यंत सोडायला मी गेले होते. बूट चढवून तो नाड्या बांधायला वाकला.

"शांत नाहीये," तो हळूच म्हणाला.

"मग तू..."

"मी एकदा गेलो होतो आत. म्हटलं, भाऊ आहे माझा. गोधडीवर हात ठेवला." त्यानं नाडी आवळली. "हाताखाली खांदा लागला गं."

कॅम्पर अजून तिथेच आहे. वॉल्टर तो विकत नाही आणि ओढून दुसरीकडेही नेत नाही. शेत त्यानं शेजाऱ्याला कसायला दिलंय. त्या शेजाऱ्याची माणसं जेवणानंतर कोठाराच्या बाजूला काम करत नाहीत. का, ते त्यांना कुणी विचारत नाही.

मावशी गेल्यावर मी एकदाच तिकडे गेले होते. मे महिना होता, बर्फ वितळून गेलेलं. दुपारची वेळ. मी दार उघडलं नाही, नुसती बाहेर उभी राहिले.

घुर्र... घुर्र...

मग थांबला.

मी दाराच्या कडीला हात लावला. पण उघडायचं धाडस झालं नाही. आत हलवणारं कुणी नव्हतं, तरी तो मोठ्यानं हवा ओढून पुन्हा सुरू झाला. दमलेला, घसा फाटलेला आवाज.

मी गाडीकडे वळले तेव्हा तो पुन्हा अडला होता.