येतो

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीत लिफ्टची भीती वाटणारी मी एकटीच. माझं काम खुर्चीतलं. मेकॅनिक सकाळी फोनवरच्या ज्या ॲपमध्ये लॉगिन करतात आणि काम संपलं की ज्यातून बाहेर पडतात, ते ॲप माझं. लॉगिन केलं की प्रत्येकाला एक सेशन मिळतं. सेशन म्हणजे दारावर मिळणारा बिल्ला समजा. बिल्ला आहे तोवर तुम्ही आतले, परत दिला की बाहेरचे.

बाहेर पडायच्या बटणावर मी आधी 'बाहेर पडा' असं लिहिलं होतं. माझा सख्खा भाऊ, दादा, तिथेच मेकॅनिक होता. तो भडकला.

"ही काय भाषा झाली? कुत्र्याला हाकलतेस का? घरातून निघताना नुसतं 'जातो' म्हटलं तरी आई पाठीत धपाटा घालते. 'येतो' लिही."

मी 'येतो' लिहिलं. सगळे हसले. 'येते' का नाही, म्हणून आमच्या हिशेबनीसबाई कुरकुरल्या. मग सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं. दादाची आणखी एक कटकट होती. लिफ्टच्या खड्ड्यात नेटवर्क गेलं की काही वेळाने ॲप माणसाला बाहेर फेकायचं. म्हणून मी सेशनची मुदतच काढून टाकली. आता बिल्ला दोनच तऱ्हांनी सुटे. माणसाने स्वतः 'येतो' दाबलं तर, नाहीतर मी माझ्या टेबलावरून तो पुसला तर.

दादा तसल्याच एका खड्ड्यात पडून गेला. काम आटोपून त्याने 'येतो' दाबलं होतं, आणि मग वर चढताना पाय सटकला. त्याचं खातं मीच बंद केलं, रडत रडत. त्याचा फोन आईने कपाटात कुलूप लावून ठेवला. तेव्हापासून ती जेवायला बसायची आणि दोन घास चिवडून उठायची. तिच्या मनगटांकडे मला बघवत नसे.

मग एका दुपारी माझ्या पडद्यावर दादाचं नाव दिसलं. तो आत होता.

आधी मी माझीच चूक शोधली. पासवर्ड कोणी टाकला नव्हता. बंद खात्याला बिल्ला मिळूच शकत नाही, आणि दोघांना एकच बिल्ला तर कधीच नाही. तरी ताडून पाहिलं. दादाकडे असलेला बिल्ला सकाळी पहिलवानला दिलेला होता. पहिलवान म्हणजे दादाचा कामावरचा जोडीदार.

तेवढ्यात तोच दारात आला, फोन पुढे धरून.

"ताई, हे बघा ना. 'असा कोणी वापरकर्ता नाही' म्हणतंय."

शेजारच्या टेबलावरून हिशेबनीसबाईंनी मान वर केली. या बाई त्याची थट्टा केल्याशिवाय एक दिवस राहत नसत.

"आपण कोणाकडे आलात?" त्यांनी विचारलं.

पहिलवान हसला. बाई हसल्या नाहीत.

मी दादाचं सेशन पुसून टाकलं.

"अरे पहिलवान, खांबासारखा काय उभा?" बाई लगेच म्हणाल्या. "बस की."

मी अजून पडद्याकडेच बघत होते, तर आईचा फोन आला. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव होता.

"अगं, दादा आला होता! कपाटातून फोन काढून घेतला, म्हणाला भूक लागलीय. ताट वाढेपर्यंत दिसेनासा झाला. फोन पडलाय इथेच. परत येईल ना गं?"

तिचं सांत्वन करायला हवं होतं. मी म्हणाले, "येईल."

रात्रभर विचार केला. कुणीतरी बिल्ला सोडल्याशिवाय त्याला आत येता येत नव्हतं. पहिलवानला लेकरंबाळं आहेत. मग माझाच द्यावा, एका जेवणापुरता. निघताना दादा 'येतो' दाबायला कधी विसरायचा नाही. त्याने दाबलं की माझी जागा मला परत मिळेल. आईच्या पोटात चार घास जातील. मला दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी माझं सेशन दादाच्या नावावर केलं.

पडदा पांढरा झाला, सेशन पुसायची सोयही गेली. असा कोणी वापरकर्ता नाही.

"आपण कोणाकडे आलात?" हिशेबनीसबाईंनी विचारलं.

मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला.

"कोण?"

"आई, मी."

"चुकून लागला वाटतं, बाई. मला एकच मुलगा. जेवतोय तो."

घाईत तिने फोन बंद केला नाही, तसाच बाजूला ठेवला. ताटातल्या वाटीचा आवाज आला. मग आईचं हसणं. तोंडात घास धरूनच बोलत होती. मला खरंच बरं वाटलं.

खुर्ची सरकली. नळ सुरू झाला, बंद झाला.

"आई, येतो गं."

आता तो बटण दाबेल, मी मनात म्हटलं.

"अजिबात नाही," आई म्हणाली. "आता कुठे यायचं नाही नि जायचं नाही. तो फोन दे इकडे."

मग कपाटाच्या कुलपात किल्ली फिरली.