पाठमोरा

विनोदी नट धडपड्याचे शेवटचे आठ लघुपट तिच्या संकलनाच्या टेबलावर ठेवताना चित्रसंग्रहाच्या संचालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, हे टाकाऊ आहेत. पण माणूस मोठा, म्हणून जपायचे. फिल्मच्या तुकड्यांचे सांधे तेवढे दिसणार नाहीत असं बघा."

टाकाऊ होतेच. धडपड्या हे नाव त्याला लोकांनीच दिलेलं. तरुणपणी तो जिन्यावरून, छपरावरून, चालत्या गाडीवरून असा काही पडायचा की बघणारे हसून हसून खुर्चीतून घसरायचे. साठीला त्याची कंबर मोडली. तिथेच थांबला असता तर शोभलं असतं, पण टाळ्यांची चटक वाईट. मग त्याच्या जागी दुसराच माणूस पडू लागला. तो पाठमोरा पडायचा, तिथे शॉट कापायचा, आणि पुढच्या शॉटमध्ये जमिनीवर बसलेला धडपड्या टोपी झटकत डोळा मिचकावायचा. लोक काही दुधखुळे नव्हते. पडला एक आणि उठला दुसराच, हे त्यांना बरोबर कळायचं आणि थिएटरात कोणी हसायचं नाही.

पडणारा तो दुसरा माणूस म्हणजे तिचे बाबा. हे तिने संचालकांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काम दुसऱ्या संकलकाकडे गेलं असतं, आणि हे काम तिला काहीही करून हवं होतं. कारण बाबांचा चेहरा तिला आठवत नव्हता.

ती आठ वर्षांची असताना ते गेले. घरात त्यांचा एक धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचं ही त्यांच्या कामाची पहिली शिस्त, आणि ती अंगात इतकी मुरलेली की स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही त्यांनी ऐन वेळी पाठ फिरवली. "मी एका पाठीशी लग्न केलंय," असं आई चारचौघांत सांगायची. आता आईही नव्हती. पण इतक्या शॉटमध्ये एकदा तरी, एका फ्रेमपुरता, माणूस चुकला असेल, अशी तिला वेडी आशा होती.

सात लघुपट तिने फ्रेम न् फ्रेम तपासले. बाबा चौतीस वेळा पडले होते आणि एकदाही चुकले नव्हते. तिला अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

आठवा लघुपट थिएटरात कधी लागलाच नव्हता. शॉटचा क्रम सांगायला एका दुपारी त्या लघुपटांचे जुने कॅमेरावाले काका आले. ती कोणाची मुलगी हे ठाऊक असलेला तेवढा एकच माणूस उरला होता. डब्यावरचा आकडा बघून ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"हा लावू नकोस."

"का, काका?"

"याला दुसरा टेक नाही."

"बाबा... यातच?"

काकांनी चष्मा काढून हातात धरला. "तुझ्या आईला आम्ही सांगितलं, घरी येताना गाडीने उडवलं. खोटं होतं ते. शिडीचा पाय सरकला. गादी एकीकडे राहिली आणि तो दिव्याच्या लोखंडी पायावर आपटला... तोंडावर. नंतर चेहरा कोणालाच बघू दिला नाही आम्ही."

"आणि पुढचा शॉट?"

"घेतला. जमीन पुसून घेतली, आणि धडपड्या तिथेच बसला. डोळाही मिचकावला. त्यानंतर मात्र तो पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही." दारापाशी ते थांबले. "पोरी, बघूच नकोस," म्हणाले आणि गेले.

ती बघणार होतीच. काळे पडदे ओढले की त्या खोलीत भर दुपारीही काळोख व्हायचा. संकलनाच्या यंत्राचा दिवा तेवढा पेटला. जुन्या फिल्मला येतो तसा आंबूस वास येत होता. तिने रीळ चढवलं.

पाठमोरे बाबा शिडी चढले. शिडी सरकली. ते पडले आणि पालथे पडून राहिले. पडल्यानंतर बावीस फ्रेम, मग तुकडा संपत होता. तिने वहीत तसं टिपून घेतलं.

पुन्हा लावलं. एकतीस फ्रेम भरल्या.

आपलंच मोजायला चुकलं असेल, म्हणून तिने बोटाने एकेक फ्रेम सरकवत मोजलं. चव्वेचाळीस. आणि शेवटच्या फ्रेममध्ये कोपर जमिनीवरून किंचित उचललेलं होतं.

कोणीही शहाणा माणूस इथे उठून बाहेर गेला असता. ती मात्र यंत्राच्या छोट्या पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकली. "उठा, बाबा," ती पुटपुटली. "उठा ना..."

चौथ्या वेळी कोपर टेकलं. गुडघा वळला. खांदे वर आले आणि मान हळूहळू कॅमेऱ्याकडे वळू लागली. कानाची पाळी दिसली. मग गालाची कड.

आणि तिच्या हाताने घात केला. तीस वर्षांची सवय. माणूस हलायला लागला की तिथेच कापायचं, हालचालीत सांधा लपतो, हे ती नवशिक्यांना शिकवत आली होती. डोक्याला कळायच्या आत हाताने यंत्र थांबवलं, फिल्म ओढली, कात्री चालवली. खट् असा आवाज झाला आणि ती भानावर आली.

"नाही... नाही हो बाबा... चुकून झालं..."

तिने तुकडा दिव्यासमोर धरला. शिडी होती. गादी होती. जमीन होती. माणूस एकाही फ्रेममध्ये नव्हता. तिने यंत्रातली फिल्म मागे फिरवली. तिथेही नुसती शिडी सरकत होती.

तेवढ्यात तिच्या मागे कोणीतरी कपडे झटकले.

ती वळली. कपाटाजवळ तो उभा होता. ढगळ कोट, खांद्यावर धूळ. पाठमोरा.

"बाबा?"

ती भिंतीला धरून त्याच्या पुढे जायला निघाली, तसा तोही पावलांचा आवाज न करता तेवढाच वळला. ती दुसऱ्या बाजूने गेली. तो दुसऱ्या बाजूने वळला. टेबलाला वळसा, कपाटाला वळसा, कुठूनही पाहावं तर पाठच समोर. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग येत होता. सगळा जन्म ही पाठच बघायची होती का?

"इथे कॅमेरा नाही, बाबा. मी आहे फक्त. एकदा बघू द्या... एकदाच."

मग तिला एक सुचलं. तिने डोळे मिटून घेतले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कापड सळसळलं. गार श्वास कपाळाला लागला. खरखरीत बोटं तिच्या चेहऱ्यावर आली. कपाळावरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत ती सावकाश फिरली. तिच्या कानामागचे पांढरे केसही त्यांनी चाचपले. ती आठ वर्षांची होती, त्यानंतर बाबांनी तरी तिला कुठे पाहिलं होतं? तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आता उघडू का डोळे?" तिने विचारलं.

बोटं तिच्या पापण्यांवर आली, आणि घट्ट दाबून राहिली.