बाकावरची मुलगी

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. हे माझ्यासोबत घडलंय, आणि तेही भर दुपारी. भुतं रात्रीच भेटतात, हे कुणी ठरवलं?

माझा मामा शिल्पकार. विद्यापीठाचं आवार सुशोभित करायचं निघालं, तेव्हा हिरवळ आणि फुलांचे वाफे माळीकाकांकडे गेले, पुतळे मामाकडे आले. मधल्या बाकावर वाचत बसलेली मुलगी हवी होती. तिचा एक हात मोकळा, शेजारी बसणाऱ्याला धरता यावा असा.

"चेहरा तुझाच घेऊ," मामा म्हणाला. "फुकटात कोण बसतंय दुसरं?"

साचा घेताना चेहऱ्यावर ओलं प्लास्टर थापतात. नाकात दोन नळ्या. दिसत नाही, बोलता येत नाही. म्हणून एक माणूस शेजारी हात धरून बसतो. दोनदा दाबला, की साचा लगेच काढायचा. तोवर हात सोडायचा नाही, हा मामाचा कडक नियम.

माझा हात ताईने धरला.

"घाबरट कुठली!" ती हसली.

मग अंधार झाला.

कान तेवढे उघडे होते. मामा बादली धुवायला मागे गेल्याचं ऐकू आलं. प्लास्टर घट्ट होत गेलं, गरम होत गेलं. अचानक एक नळी बुजली. माझा जीव कासावीस झाला.

मी हात दोनदा दाबला.

काहीच नाही...

पुन्हा दाबला. आणि मग त्या हाताने माझा हात दाबला.

दोनदा.

ही काय चेष्टेची वेळ आहे? मला ताईचा असा राग आला! पण तो हात दाबतच राहिला... दोनदा... थांबून पुन्हा दोनदा... जोरात, घाईघाईने.

तेवढ्यात लांब दाराकडून मामा ओरडला, "अगं, तू इथे काय करतेस? तिचा हात कोणी धरलाय?"

"आत्ताच बाहेर आले रे! माळीकाका दगड कुठे उतरवू विचारत होते..."

ताईचा आवाज. दारातून.

माझ्या हातात हात तसाच होता.

मी हिसडा दिला. सुटेना. मामाने धावत येऊन साचा ओढला, तेव्हाच तो सुटला. शेजारचं स्टूल रिकामं होतं. माझ्या हातावर बोटांचे वळ होते.

"गुदमरल्यावर होतात भास," मामा म्हणाला. त्याच साच्यातून पुतळा झाला.

उद्घाटनाला सगळे तिच्याशेजारी बसून फोटो काढत होते. ताईने मलाही बसवलं. मी तिचा गार हात धरला...

दोनदा.

"मामा, फोड हा पुतळा! आत कुणीतरी आहे!"

"वेडी आहेस का? आत सिमेंट ठासून भरलंय. मुंगीला जागा नाही." मला पटवायला त्याने स्वतः तिचा हात धरला.

आणि झटक्यात सोडला.

"मामा?"

"घरी चल," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामा पुतळा फोडायची परवानगी मागायला विद्यापीठात गेला. साहेबांनी हसून चहा पाजला. मग त्याने माळीकाकांना सांगून बाकाभोवती काटेरी झुडपं लावली. जिवंत माणसाचा साचा त्याने पुन्हा घेतला नाही.

मी आत होते ती पाच-दहा मिनिटं. तेवढ्यातच मला मरण बरं वाटलं होतं.

ती अजून आत आहे. आणि आता तिचा हात धरायलाही कुणी जात नाही.