बंद भट्टीतले कण

कुंभेरी डोंगराच्या पोटात, साठ मीटर खडकाखाली, शंभर टन चमकद्रवाने भरलेली एक टाकी होती. बाहेरून येणारा प्रतिन्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण त्या द्रवातल्या एखाद्या प्रोटॉनवर आदळला की आधी एक आणि लगोलग दुसरी अशा दोन क्षीण ठिणग्या उमटत. टाकीभोवतीचे हजारो प्रकाशडोळे ही जोडी टिपत. डॉ. चारुशीला बिवलकर नऊ वर्षे या न्यूट्रिनोवेधकाच्या प्रमुख होत्या. वेधक मुद्दामच 'अर्यमा ऊर्जा' कंपनीच्या अणुभट्टीपासून चारशे मीटरवर बांधला होता, कारण जळती अणुभट्टी हा प्रतिन्यूट्रिनोंचा झरा असतो.

ऑगस्टमधल्या एका सकाळी सुगंधा तांडेल नावाची बाई प्रयोगशाळेत आली. ती जवळच्या बंदरगावात शाळेत विज्ञान शिकवत असे. तिचा धाकटा भाऊ केशव कंपनीच्या ठेकेदाराकडे वेल्डर होता. अकरा जूनला भट्टी बंद असताना नळजोडणीचे काम करायला त्याला भट्टीला लागून असलेल्या खोलीत तीन तास पाठवले होते. त्या संध्याकाळपासून त्याला उलट्या सुरू झाल्या. दहाव्या दिवशी केस गळायला लागले आणि सव्विसाव्या दिवशी तो गेला. कंपनीने मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीला कळवले की भट्टी पूर्ण बंद होती. वेल्डिंग तपासायची किरणोत्सारी गोळी हाताळताना केशवनेच निष्काळजीपणा केला असावा, असेही कळवले. त्याचा मात्राबिल्ला, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला, सापडत नव्हता.

हे सगळे सुगंधाने शांतपणे सांगितले. मग ती म्हणाली, "मॅडम, माझा भाऊ हातमोजे घातल्याशिवाय रॉकेलची साधी चिमणीसुद्धा पेटवायचा नाही. मेल्यावर त्याला बेफिकीर ठरवलंय. तुमचं यंत्र भिंतीपलीकडचं पाहतं, असं मी पोरांना शिकवते. खरंच पाहतं का?"

चारुशीलाबाईंनी तिला सांगितले की अणूचे केंद्रक फुटते तेव्हा त्याचे तुकडे अस्थिर असतात आणि स्थिर होताना ते प्रतिन्यूट्रिनो सोडतात. गॅमा किरण शिशाने अडतात, न्यूट्रॉन पाण्याने आणि काँक्रीटने अडतात, पण प्रतिन्यूट्रिनोला जवळजवळ कशाचीच आडकाठी नसते. भट्टी पूर्ण जोरात असली तर वेधकात दिवसाला चौदाशे ठिणगीजोड्या दिसतात आणि विझवली की जेमतेम सहा.

बोलता बोलताच त्यांनी अकरा जूनची नोंद काढली. केशव आत होता त्या, सकाळी नऊ ते बारा, या तीन तासांत एखादी जोडी दिसायला हवी होती. पडद्यावर सत्तावीस होत्या.

म्हणजे भट्टी जळत होती, पूर्ण जोराच्या साधारण पंधरा टक्क्यांवर. कारण त्यांना लगेच उमगले. भट्टी पुरती विझवली की तिच्यात झेनॉन साठतो. तो न्यूट्रॉन गिळतो आणि मग दीड-दोन दिवस भट्टी पुन्हा पेटवता येत नाही. मंद जळत ठेवली तर हा खोळंबा टळतो. कंपनीने भट्टी मंद ठेवली, नोंदवहीत 'बंद' लिहिले आणि त्या नोंदीच्या भरवशावर माणूस आत पाठवला.

समितीची सुनावणी बंदरगावच्या सभागृहात होती. मागच्या रांगांमध्ये ठेकेदारांचे कामगार आणि त्यांच्या घरची माणसे बसली होती. कंपनीच्या बाजूने डॉ. जयवंत अग्निहोत्री आले होते. ते चारुशीलाबाईंचे विद्यापीठातले वर्गमित्र, भट्टीभौतिकीतले जाणकार. चारुशीलाबाईंनी समितीपुढे मांडलेला सत्तावीसचा आकडा त्यांनी नाकारलाच नाही. उलट हसून चारुशीलाबाईंचाच शोधनिबंध समितीपुढे ठेवला.

चार वर्षांपूर्वीच्या त्या निबंधामुळे चारुशीलाबाई जगभर ओळखल्या जात होत्या. बंद भट्टीकडूनही कधी कधी ठिणग्या येतात, हे त्यांना दिसले होते. एकूण एक्केचाळीस दिवस तसे होते. भट्टी जळताना एक अज्ञात जड कण तयार होतो आणि मागाहून सावकाश मोडतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. त्याला त्यांनी 'मंदकण' हे नाव दिले होते.

"तेव्हा अकरा जूनला दिसले ते मंदकण," अग्निहोत्री म्हणाले. "भट्टी बंद असताना ठिणग्या दिसू शकतात, हे आम्ही एकटेच म्हणत नाही. बिवलकरबाईंनीच सिद्ध केलंय."

समितीच्या अध्यक्षांनी उत्तर द्यायला दुपारपर्यंत वेळ दिला. चारुशीलाबाई मागच्या रिकाम्या खोलीत निबंध उघडून बसल्या. मंदकण फक्त छोट्या, दोन-तीन दिवसांच्या बंदमध्ये दिसले होते. वार्षिक दुरुस्तीच्या लांबलचक बंदमध्ये एकदाही नाही. तेव्हा इंधन बाहेर काढतात म्हणून कण दिसत नाहीत, असे त्यांनी लिहिले होते. पण इंधन काढण्याआधीचे पहिले दोन दिवसही कोरेच होते. ती विसंगती एका तळटिपेत होती, 'अधिक अभ्यास आवश्यक' अशा शब्दांत.

त्यांनी ती टीप पुन्हा वाचली. भट्टी कधी चालू आणि कधी बंद, हे त्यांनी कंपनीच्या नोंदवहीतून घेतले होते. ठिणग्या आणि नोंदवही जुळेना, तेव्हा त्यांनी निसर्गात नवा कण कल्पिला. वहीत खोटे असेल ही शंका त्यांना शिवलीही नाही. मंदकण नव्हताच. ते एक्केचाळीस दिवस भट्टी जळत होती. लांब बंदमध्ये लगेच पेटवायची घाई नसे, म्हणून तेवढ्या वेळी ती खरोखर विझवत.

आणि मंदकण खोटा आहे हे वही लिहिणाऱ्यांना निबंध छापून आला त्याच दिवशी कळले असणार. तरी कंपनीने त्यांचा सत्कार केला होता. हार अग्निहोत्रींनी घातला होता. चारुशीलाबाईंना संताप आला. त्यातला अर्धा त्यांच्या स्वतःवरच होता.

त्या बाहेर आल्या तेव्हा अग्निहोत्री व्हरांड्यात उभे होते. त्यांनी खालच्या आवाजात समजावले की विचार करून बोल. मंदकण गेला तर तुझी नऊ वर्षे जातील, वेधकही राहणार नाही, आणि गेलेला माणूस काही परत यायचा नाही.

"जयवंत, तुला माहीत होतं," चारुशीलाबाई म्हणाल्या.

अग्निहोत्रींनी चष्मा पुसला आणि ते सभागृहात निघून गेले.

सुनावणी पुन्हा सुरू झाली. चारुशीलाबाई उभ्या राहिल्या. आवाज चढू नये म्हणून त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"मी माझा शोध मागे घेते. मंदकण अस्तित्वात नाही. मी जे मोजलं ते जळत्या भट्टीचे साधे प्रतिन्यूट्रिनो होते. माझा आकडा बरोबर होता, कंपनीची वही खोटी होती, आणि मी वहीवर विश्वास ठेवला. म्हणजे केशव तांडेल आत गेला त्या दिवशी भट्टी चालू होती. आणि त्याच्याआधी वेगवेगळ्या वेळी, एकूण एक्केचाळीस दिवस, ती अशीच चालू होती. त्या दिवसांत आत कोण कोण गेलं, हे मला ठाऊक नाही. माझ्याकडे फक्त तारखा आहेत."

अग्निहोत्री हरकत घ्यायला उठले. या तारखांचा प्रस्तुत प्रकरणाशी संबंध नाही, असे ते म्हणू लागले. अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितले.

चारुशीलाबाई निबंधातला तक्ता वाचू लागल्या. तीन फेब्रुवारी. चार फेब्रुवारी. एकोणीस मे. सुगंधा पहिल्या रांगेत ताठ बसून ऐकत होती.

"सात सप्टेंबर."

मागच्या रांगेत एक माणूस उभा राहिला. चाळिशीचा असेल, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. "त्या दिवशी मी होतो आत," तो म्हणाला. "आम्ही पाच जण होतो."

चारुशीलाबाईंनी त्याला नाव विचारले आणि तारखेपुढे लिहून घेतले. मग पुढची तारीख वाचली. या वेळी तीन जण उभे राहिले, आणि एक म्हातारी, जिच्या हातात मुलाचा फोटो होता.

अजून छत्तीस तारखा बाकी होत्या. त्या वाचत राहिल्या.