बुडालेली भाररेषा

तोलकने प्रत्येक कंटेनर स्वतः तोलला होता. एकूण वजन ठरलेल्या मर्यादेत होते. तरीही ‘मत्स्यगंधा’ जहाजाच्या कुशीवरची पांढरी भाररेषा (जहाज जास्तीत जास्त कुठवर बुडावे हे दाखवणारी खूण) पाण्याखाली पाच सेंटिमीटर गेली होती.

“वरचे दोन कंटेनर उतरवावे लागतील,” तोलक म्हणाला. कुसवे बंदरातील माल चढवण्या-उतरवण्याचे काम हा यंत्रमानव सांभाळत असे.

धक्क्यावर उभ्या बारा वर्षांच्या हेमांगीने चमकून वर पाहिले. त्या दोन कंटेनरांपैकी एकात प्रवाळाची जिवंत रोपे होती. लक्षद्वीपमधल्या एका बेटाभोवतीचे प्रवाळ मरून गेले होते आणि तिची आई तेथे नवी लागवड करत होती. पुढचे जहाज पंधरवड्याने निघणार होते. रोपे तेवढे दिवस तगणार नव्हती.

हेमांगीने आजोबांचा हात धरला. भास्करराव सारंग हे बंदराचे भारपरीक्षक होते. त्यांच्या संमतीशिवाय एकही जहाज सुटत नसे.

“आजोबा, या जहाजावर तर माणूसच नाही. ते आपले आपण चालते. थोडे जास्त बुडाले म्हणून काय बिघडते?”

“पाण्याच्या वर जहाजाचा जो भाग राहतो, त्याला मुक्तकाठ म्हणतात,” आजोबा शांतपणे म्हणाले. “लाट अंगावर आली की तोच भाग जहाजाला पुन्हा वर उचलतो. तो कमी झाला की जहाज धोक्यात येते. यात चार बेटांची औषधे आहेत, बाळ. ती वाट पाहणारी माणसे जहाजावर नसली, तरी आहेत ना?”

मग आजोबांनी बादलीने खाडीचे पाणी काढले.

“चाखून पाहा.”

“शी! मचूळ आहे. समुद्रासारखे खारट नाही.”

“पावसाळ्यानंतर नदी अजून भरून वाहते आहे. तिचे गोडे पाणी इथे मिसळते. आता सांग, जहाज तरंगते कसे?”

“आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून.”

“बरोबर. समुद्राचे एक घनमीटर पाणी सुमारे एक हजार पंचवीस किलो भरते, गोडे पाणी फक्त एक हजार. पाणी हलके असेल, तर तेवढेच वजन भरायला…”

“जास्त पाणी सारावे लागेल! म्हणजे जहाज जास्त बुडेल!”

“आणि समुद्रात गेले की आपोआप वर येईल. म्हणून गोड्या पाण्यात थोडे अधिक बुडण्याची मुभा असते. या जहाजाला ती सहा सेंटिमीटर आहे.”

“मग झाले तर! पाचच बुडाले आहे!” हेमांगीने उडी मारली.

“थांबा, हेमांगीताई,” तोलक म्हणाला. “हे पाणी पूर्ण गोडे नाही.”

आजोबांनी बादलीत घनतामापी (द्रवात किती बुडते यावरून त्याची घनता सांगणारी काचेची नळी) सोडली. ती एक हजार बारावर स्थिरावली. “जवळजवळ अर्ध्यावर. म्हणून मुभाही निम्मी, तीन सेंटिमीटर.”

“दोन उरले,” हेमांगी पुटपुटली. “आजोबा, दोनच सेंटिमीटर…”

“ही रेषा नाती ओळखत नाही, बाळ.” आजोबांनी घनतामापी बाहेर काढली. “एक सेंटिमीटर म्हणजे इथे पाच टन. दहा टन कमी करायलाच हवेत. दुसऱ्या कंटेनरात औषधे आहेत, तो राहू दे. तुझा एक उतरवला तरी पुरेल.”

तोलकचा यांत्रिक हात कंटेनरकडे वळला. हेमांगीने डोळे पुसले आणि विचारले, “पण तोलक, तुझा हिशेब तर बरोबर आहे ना? मग हे दहा टन आले कुठून? तू न तोललेले काय आहे जहाजावर?”

यांत्रिक हात थबकला. “मी फक्त माल तोलतो, ताई. आणि इंधन.”

धक्क्यावर मुकादम गोविंद तांडेल जाड नळी गुंडाळत होते. हेमांगी धावत त्यांच्याकडे गेली. “तांडेलकाका, या नळीने काय भरलेत?”

“पिण्याचा पाणी. सुकी टाकी घेऊन जहाज सोडूचा नाय, ही माझ्या बापाशीच्या वेळेपासूनची पद्धत.”

“पण काका, पिणार कोण?”

तांडेल रिकाम्या जहाजाकडे बघत राहिले. मग कपाळावर हात मारून हसले. “अरे देवा! तोलक, तुका तहान लागता काय रे?”

“नाही, तांडेलकाका. गंज लागतो.”

आजोबा मात्र हसले नाहीत. “टाकी अर्धवट ठेवू नका. अर्ध्या टाकीतले पाणी लाटेबरोबर हेलकावते आणि जहाजाला कलवते. पूर्ण रिकामी करा. तोलक, नंतर तोल पुन्हा तपास.”

पाणी बंदराच्या हौदात परत येऊ लागले. हेमांगी धक्क्यावर पालथी पडून रेषेकडे पाहत होती. जहाज इतके हळू वर येत होते की डोळ्यांना ते कळतच नव्हते. हौद भरला तेव्हा आजोबांनी रेषेवरचे पाणी मोजले. बरोबर तीन सेंटिमीटर. तोलकने तोल तपासून हिरवा दिवा लावला. आजोबांनी मान हलवली आणि दोर सुटले.

‘मत्स्यगंधा’ने खाडीचे मुख ओलांडल्यावर तिच्या सोबतच्या ड्रोनने चित्र पाठवले. पांढरी रेषा आता पाण्याला नेमकी टेकली होती, आणि लाट ओसरली की पूर्ण दिसत होती.

“आजोबा, आईची प्रवाळे वाढायला किती वर्षे लागतील?”

“पुष्कळ. कदाचित मी पाहणार नाही. तू पाहशील.”

हेमांगीने घनतामापी पुसली आणि जपून तिच्या पेटीत ठेवली. “तोलक,” ती म्हणाली, “यापुढे टाक्याही तोलत जा.”