कपाळावरची जांभळी रेघ

खोटं वाटेल. पण अर्धं मी मावशीच्या तोंडून ऐकलंय आणि उरलेलं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

युद्धाचं दुसरं वर्ष. मावशी तेवीस वर्षांची नर्स. कामाला इतकी चोख की सगळ्याजणी तिला ‘घड्याळबाई’ म्हणायच्या. शाळेतच इस्पितळ उभारलं होतं, फळ्यावर अजून गणितं तशीच होती.

तिथे एक नियम होता. दुखणं थांबवायला मॉर्फिन दिलं की जखमीच्या कपाळावर जांभळ्या औषधाची रेघ ओढायची. रेघ दिसली की दुसरीने सुई टोचायची नाही. लागोपाठ दोन डोस म्हणजे मरणच.

एके दिवशी दुपारी चार वाजता एकदम साठ जखमी आले. मावशीच्या डोळ्याला दोन दिवस डोळा लागला नव्हता. खिडकीजवळच्या शिपायाला तिने मॉर्फिन दिलं...

आणि रेघ ओढायची राहिली.

दहा मिनिटांनी दुसऱ्या नर्सने त्याचं कोरं कपाळ पाहिलं आणि पुन्हा सुई दिली.

तो गेला. सगळे म्हणाले, जखमच मोठी होती. मावशीने ब्रसुद्धा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी, चार वाजता, सुई भरून ती पहिल्या खाटेशी वाकली...

कपाळावर ओली रेघ.

“काय गं, तू दिलंस याला?” तिने दुसऱ्या नर्सला विचारलं.

“मी? मी तर आत्ता येतेय, ताई.”

पुढची खाट... रेघ. त्यापुढची... रेघ.

जांभळ्या औषधाची बाटली मावशीच्याच खिशात होती. बूच घट्ट.

माणसं कळवळत होती. डोस खरंच दिलेला असेल तर? नसेल तर? शेवटी तिने जीव मुठीत धरून एकेक रेघ पुसली आणि सुई दिली.

कोणीच दगावलं नाही. पण युद्ध संपेपर्यंत रोज चार वाजता हेच.

हे तिने मला सांगितलं ते गेल्या वर्षी, अंथरुणाला खिळल्यावर. हाडांचा कॅन्सर होता. दुपारी चारला नर्स मॉर्फिनचं इंजेक्शन द्यायला यायची.

एके दिवशी नर्स सुई भरत होती. मी मावशीची उशी सारखी करायला वाकले...

कपाळावर ओली रेघ.

मावशीने माझं मनगट धरलं. “पुसू नकोस गं. त्याने दिलंय, खिडकीजवळच्याने.”

पण ती वेदनेने पिळवटत होती. आणि तिने रेघ पुसलेल्यांपैकी एकही दगावला नव्हता ना?

मी पुसली. “द्या,” म्हटलं नर्सला.

दहा मिनिटांत मावशी गेली.

सगळे म्हणाले, दुखणंच मोठं होतं. मीही ब्र काढला नाही.

आज पहिल्यांदा सांगतेय. चार वाजायला आले की घरातले आरसे मी झाकून ठेवते.